मधले अण्णासाहेब

कॅनडाहून आलेल्या पत्रात एकच प्रश्न धड विचारला होता, बाकी सगळी कलमंच होती. व्हिसाच्या अर्जाला जोडलेल्या बेचाळीस फोटोंपैकी सदतीस फोटोंत अर्जदार बाईंच्या शेजारी गुलाबी फेटा बांधलेले एक गृहस्थ उभे आहेत. हे कोण, आणि बाईंशी त्यांचं नातं काय? पती म्हणून ज्यांचं नाव दिलं आहे, ते फक्त पाच फोटोंत दिसतात, त्यातही दोनदा पाठमोरे. लग्न खरं असल्याचा पुरावा तीस दिवसांत द्यावा, नाहीतर अर्ज नामंजूर होईल.

जालन्यात परदेशाच्या कागदपत्रांची कामं करणाऱ्या शीतल मॅडमनी हे मराठीत समजावून सांगितलं, तेव्हा रेणुकाने मान खाली घातली आणि तिचे सासरे रखमाजी छताच्या पंख्याकडे पाहू लागले.

"कोण आहेत हे?" मॅडमनी विचारलं.

"आमचे अण्णासाहेब," रखमाजी म्हणाले. "लग्नाला आल्ते."

अण्णासाहेब पंचायत समितीचे माजी सदस्य. तीर्थपुरीच्या पंचक्रोशीत ते आल्याशिवाय लग्न लागलंच, तर ते लागल्यासारखं वाटत नाही. रेणुकाच्या लग्नात अक्षता पडल्या न पडल्या तोच माइकवरून त्यांचा सत्कार पुकारला गेला. रखमाजींनी शाल दिल्यावर भावकीतल्या प्रत्येक घराला वाटलं, आपणच का मागे राहावं? असे एकवीस सत्कार झाले. अण्णासाहेबांनी ताठ उभं राहून कॅमेऱ्याकडे पाहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही, अशी फोटोग्राफर वसंताला सक्त ताकीद होती. नवरा-नवरी मागे उभे होते. अण्णासाहेबांचा देह भरदार, त्यामुळे नवरा पुरता झाकला गेला आणि नवरी अर्धी उरली.

लग्नानंतर नवरा गोरक्षनाथ अकरा दिवस घरी होता. त्यातले चार देवदर्शनात गेले आणि तीन पाहुण्यांनी खाल्ले. मग तो कॅनडात गाईंच्या फार्मवर परत गेला, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. रेणुकाच्या मोबाइलला घरात रेंज नव्हती. रोजचा फोन रखमाजींच्या मोबाइलवर यायचा, स्पीकर लावून, सगळ्या घरासमोर. शेवटी रेणुकाच्या वाट्याला "जेवलात का?" एवढंच यायचं. कॉलच्या नोंदी काढल्या, तर मुलाचा बापावर फार जीव आहे यापलीकडे त्यातून काही सिद्ध होईना. रेणुकाला मात्र करमत नव्हतं. हे सांगण्यासारखं घरात कुणी नव्हतं, आणि ज्याला सांगायचं तो स्पीकरवर होता.

अण्णासाहेबांकडूनच लिहून घ्यावं, असं रखमाजींनी ठरवलं. "या बाईंशी माझा काही संबंध नाही," एवढी एक ओळ हवी होती. अण्णासाहेबांनी पत्र दोनदा वाचून घेतलं. आपल्याबद्दल कॅनडात विचारणा झाली, हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला होता. पण ती ओळ ऐकली आणि ते गंभीर झाले.

"रखमाजी, इलेक्शन तोंडावर आलंय. संबंध न्हाई असं मी कसं लिहून देऊ? ज्याच्याशी माझा संबंध न्हाई असं एक घर दाखवा या सर्कलात."

"आण्णा, पण तिकडं त्यांचा गैरसमज होऊन राह्यला ना."

"बिलकुल काळजी करू नका. मी लिहितो बराबर."

त्यांनी खरंच लिहिलं. लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. मजकूर असा होता, की या दांपत्याच्या संसारात सुरुवातीपासून माझं भरीव योगदान असून पुढेही राहील. शीतल मॅडमनी तो कागद वाचला, घडी घातली आणि खणात टाकून खणाला कुलूप लावलं.

"हे गेलं तर व्हिसा विसरा," त्या म्हणाल्या. "दोघं एकत्र दिसतील असं काहीतरी आणा. आठ दिवस उरलेत."

परतीच्या एसटीत कुंभार पिंपळगावचा फाटा गेल्यावर रेणुकाच म्हणाली, "मामा, वसंताभाऊंकडं व्हिडिओ आसंल ना? न कापलेला?"

वसंताकडे होता. सत्काराचा भाग त्याने लग्नाच्या व्हिडिओतून छाटला होता, पण कॅमेरा मात्र चालूच राहिला होता. स्टुडिओत रेणुका, रखमाजी आणि सासूबाई सगुणाबाई स्टुलांवर बसले. पडद्यावर फक्त अण्णासाहेबांची छाती आणि फेटा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सगुणाबाईंना डुलकी लागली.

तेवढ्यात अण्णासाहेब शाल घ्यायला वाकले, आणि मागचं सगळं उघडं पडलं.

गोरक्षनाथ सत्काराच्या ताटातला पेढा रेणुकाच्या हातात सरकवत होता. ती सकाळपासून उपाशी होती. तिने अर्धा खाल्ला आणि अर्धा त्याला दिला. अण्णासाहेब ताठ झाले, पडदा पडला. पुढच्या शालीला ते पुन्हा वाकले, तेव्हा तो तिच्या बांगडीत अडकलेली आपली मुंडावळी सोडवत होता आणि ती तोंडाला पदर लावून हसत होती. नवव्या सत्काराला तिची चप्पल निघाली. चौदाव्याला ती पेंगून त्याच्या खांद्यावर टेकली होती. तो खांबासारखा उभा होता. नाकावर माशी बसली तरी हलला नाही.

रेणुकाला यातलं निम्मं आठवतही नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रखमाजींनी टोपी काढून उगाच झटकली आणि "वसंता, जल्दी कॉपी काढ," एवढंच म्हणाले. घरी गेल्यावर आपला मोबाइल त्यांनी सुनेच्या हातात दिला, स्पीकर बंद करून, आणि सगुणाबाईंना घेऊन अंगणात जाऊन बसले.

व्हिडिओ गेला, महिन्याभराने व्हिसा आला. आपण एकवीसदा वाकलो म्हणून पोरीचा संसार उभा राहिला, असं अण्णासाहेब चारचौघांत सांगू लागले. यात खोटं काही नसल्यामुळे कुणाला बोलता येईना.

कॅनडात पोचल्यावर रेणुका आणि गोरक्षनाथने बर्फात उभं राहून पहिला फोटो काढला. दोघंच, मध्ये वाऱ्यालाही जागा नाही. तो तिने हौसेने घरी पाठवला. चौथ्या दिवशी सगुणाबाईंचा फोन आला.

"चौकात तुमचा बॅनर लागलाय गं. अण्णासाहेबांनी लावला."

पाठोपाठ बॅनरचा फोटो आला. तेच बर्फ, तीच झाडं. दोघांच्या पुढे, अगदी मधोमध, अण्णासाहेब उभे केले होते. त्यांचे पांढरे कपडे बर्फात मिसळून गेले होते, गुलाबी फेटा तेवढा उठून दिसत होता.

"तू अर्धी तरी दिसून राह्यली," सगुणाबाई म्हणाल्या. "माझा गोरक्ष कुठंय गं?"

रेणुकाने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"मागं हायेत, आत्याबाई. अण्णासाहेब वाकले की दिसतील."