चौथ्या मजल्यावर न थांबणाऱ्या लिफ्टबाबत तीन पद्धतींचा तुलनात्मक अहवाल

१.

कोणतंही काम बिघडतं ते चुकीच्या माणसामुळे नव्हे, चुकीच्या पद्धतीमुळे. माणूस बदलायचा तर नोटीस द्यावी लागते. पद्धत दर पंधरवड्याला बदलता येते. आमच्या कंपनीला हे फार लवकर उमगलं.

आम्ही लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर बनवतो. नवी आवृत्ती आधी आपल्याच इमारतीत लावून पाहायची, असा आमचा शिरस्ता आहे. यंदाची लावली आणि लिफ्ट तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा, सहावा अशी सुरळीत थांबू लागली. म्हणजे पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक यश. (आमचं ऑफिस चौथ्यावर आहे. पण हा योगायोग आहे, आणि योगायोग अहवालात धरत नाहीत.)

२.

अडचण फक्त काकांना झाली. काका म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने प्रोग्रॅमर. निवृत्तीला अकरा महिने, दोन्ही गुडघे त्याआधीच निवृत्त. तिसऱ्यावर उतरून वर चढायच्या पायऱ्या बावीस, पाचव्यावरून खाली उतरायच्याही बावीस. काकांनी आठवडाभर दोन्ही करून पाहिलं आणि उतरताना जास्त दुखतं असा निष्कर्ष काढला. (या अहवालातलं हे एकमेव प्रत्यक्ष मोजमाप.) डॉक्टरांनी त्यांना दोन महिन्यांची मुदत दिली: जिना सोडा, नाहीतर नोकरी. घरून काम करावं तर चाचणीची यंत्रणा चौथ्यावर, आणि ती कपाटाएवढी असल्याने काकूंनी उंबऱ्याच्या आत घेतली नसती. काकांची इच्छा साधी होती. निवृत्तीच्या दिवशी त्यांना ऑफिसातून आपल्या पायांनी बाहेर पडायचं होतं.

आठवड्याच्या शेवटी ते धापा टाकत आले आणि म्हणाले, "मजल्यांच्या यादीतून चार गळलाय. एक ओळ आहे. पाणी पितो आणि घालतो."

मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, पाणी दिलं. परवानगी दिली नाही. "काका, ओळ काय, कुणीही लिहील. ती कुठल्या पद्धतीने लिहायची, हे आधी ठरायला नको का?"

संधी खरोखर मोलाची होती. काम एक, पद्धती तीन, प्रत्येकीला दोन आठवडे. अहवाल लिहायचं माझ्याकडे आलं, कारण मला दुसरं काही येत नाही यावर सर्वांचं एकमत झालं.

३.

वॉटरफॉल. आधी सगळं कागदावर, मग काम. एकदा पुढची पायरी चढली की मागे फिरायचं नाही. (पायऱ्यांची उपमा टाळावी, अशी काकांची लेखी विनंती.) आवश्यकतांचा दस्तऐवज एकोणचाळीस पानांचा झाला. पान सातवर 'मजला' शब्दाची व्याख्या. पान एकवीसवर, चौथा मजला तिसऱ्याच्या वर व पाचव्याच्या खाली असल्याचं मान्य. (एका सदस्याने मत राखून ठेवलं.) सह्या पाच हव्या होत्या. पाचवे सहीवाले लिफ्टने आले, पाचव्यावर उतरले, तिथल्या कंपनीत त्यांना चहा मिळाला आणि ते तिथेच रमले.
लिहिलेल्या ओळी: शून्य. आढळलेल्या चुका: शून्य. असा ताळमेळ क्वचितच जमतो.

स्क्रम. यात रोज सकाळी उभ्याने बैठक घेतात, म्हणजे ती लवकर संपते. आमची सरासरी सत्तेचाळीस मिनिटं. प्रत्येकाने काल काय केलं, आज काय करणार आणि अडथळा काय, हे सांगायचं. काका रोज सांगत: काल जिना चढलो, आज जिना चढलो, अडथळा जिना. त्यांच्या सातत्याची नोंद घेण्यात आली. मग आकड्यांचे पत्ते उचलून कामाचा आकार ठरवला; आकडा मोठा, तर काम मोठं. काकांचा पत्ता एकचा, टेस्टिंगवाल्या ताईंचा तेराचा, बाकी सर्वांचा आठचा. (मॅडमचा पत्ता सर्वांना दिसत होता.) काम फारच मोठं ठरल्याने ते पुढच्या पंधरवड्यात ढकललं. त्या पंधरवड्यात ही पद्धत नव्हती.

कानबान. भिंतीवर फळा, फळ्यावर चिठ्ठ्या, रकाने तीन: करायचंय, चालू आहे, झालं. 'चालू आहे'मध्ये एका वेळी दोनच चिठ्ठ्या. त्या दोन होत्या 'फळा सरळ करणे' आणि 'चिठ्ठ्यांचा रंग ठरवणे'. लिफ्टची चिठ्ठी सर्वांत खाली असे आणि पंख्याने पडे. वाकून उचलायची काकांनीच, कारण ती त्यांची होती.

याच काळात काकूंचा फोन आला आणि काकांच्या हातून तो स्पीकरवर गेला. "अहो, तुमच्याकडे लिफ्ट बनवतात की जिने?" मॅडमनी याला ग्राहकाचा अभिप्राय म्हणून चिठ्ठी दिली. पिवळी.

५.

(कलम चार सध्या उपलब्ध नाही. वाचकांनी तीनवर उतरून चालत यावं.)

सहा आठवड्यांनी निवाड्याची सभा भरली. तिन्ही पद्धतींचं उत्पादन तंतोतंत सारखं भरल्यामुळे स्पर्धा चुरशीची होती. ऑफिसात तीन तट पडले, डबे वेगवेगळ्या टेबलांवर उघडू लागले. काकांना डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायची मनाई केल्याने सभेतून सूट होती. ते आपल्या जागी बसले होते.

सभा तीन तास दहा मिनिटं चालली. निर्णय झाला नाही. बाहेर आलो तेवढ्यात टिंग वाजलं, लिफ्टचं दार उघडलं आणि पाणीवाला खांद्यावर जार घेऊन बाहेर आला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला वाटलं, उशीर झाला म्हणून.

४.

(हे कलम आता इथे थांबतं.)

ऑफिसवर अवकळा पसरली. काम झालं होतं, पण कोणत्याच पद्धतीने झालं नव्हतं. मग श्रेय कुणाचं? अहवालात रकाना कुठला? तिन्ही तट आयुष्यात प्रथमच एक झाले: ती ओळ काढावी, आणि नंतर रीतसर घालावी. मॅडमनी काकांना बोलावलं. त्या रागावल्या नव्हत्या, दुखावल्या होत्या.

"काका, ती ओळ काढून टाका."

"काढतो की," काका म्हणाले. "कुठल्या पद्धतीने काढू?"

हा मुद्दा एकाच्याही लक्षात आला नव्हता. मग मॅडमच्या चेहऱ्यावर हळूहळू जे तेज चढलं, ते मी वार्षिक सभेतही पाहिलेलं नाही.

६.

ओळ काढण्याच्या पद्धतींची तुलना करणारी समिती नेमून आठ महिने होत आले. काका तिचे खास निमंत्रित आहेत. रोज सकाळी लिफ्टने थेट वर येतात, बैठकीला खुर्ची मागून घेतात आणि विषयाचा आणखी खोलात अभ्यास व्हावा, या प्रत्येक ठरावाला अनुमोदन देतात. डॉक्टर समाधानी आहेत. काकूंनी समितीसाठी लाडू पाठवले.

आता, काही जाणत्या वाचकांच्या मनात आलं असेल: काकांनी जे केलं, त्या पद्धतीला नेमकं म्हणतात काय? तिचं शिबिर कुठे असतं? प्रमाणपत्र मिळतं का? अशा सर्व वाचकांना आम्ही समितीवर घेतलं आहे. सोमवारी दहाला यावं. एकच विनंती. काकांचे अजून पाच आठवडे शिल्लक आहेत, तोवर आपल्या हातून कशाचाही निर्णय लागू नये. तशी आपल्याकडे पाहून आम्हाला काळजी वाटत नाही.