धाकटं शीड

होडीला पुढची शिडं तीन होती. वारा मंद असला की मोठं, बरा असला की मधलं आणि पिसाळला की धाकटं. वाऱ्याच्या तोंडावर जाताना कोणतं कधी चढवायचं, यावर नवऱ्याने अख्खा हिवाळा पुस्तकं वाचण्यात घालवला होता. बायकोनेही शिडांचा विचार केला होता, पण वेगळा. धाकटं शीड जाड, शिवण पक्की, कोपऱ्यांना कड्या. केबिनमध्ये बांधलं की अशी झोळी दुकानातही मिळायची नाही. गाठी तिने चारचारदा ओढून पाहिल्या, पुरळ येऊ नये म्हणून लेकीला लंगोटाशिवाय मोकळं ठेवलं आणि झोपवून टाकलं.

शर्यत साडूंशी होती. समोरच्या धक्क्यावर आधी कोण पोचतं, एवढंच. हरणाऱ्याने वर्षभर जेवणाच्या पंगतीत जिंकणाऱ्याचं शिडांवरचं व्याख्यान ऐकायचं. नवरा गेली दोन वर्षं ऐकत होता.

निम्म्यावर वारा वाढला. मोठ्या शिडाने होडी इतकी कलली की सासूबाईंच्या मांडीवरचा डबा घसरत पायाशी आला.

"अरे, सरळ चालव ना."

"आई, ते वाऱ्याला सांग."

नवऱ्याने मोठं उतरवून मधलं चढवलं. होडी तरी कललेलीच. तेवढ्यात साडू धाकटं शीड लावून शेजारून सुळकन पुढे गेले. जाताना त्यांनी हात हलवला, सावकाश, मंत्र्यासारखा.

"धाकटं दे लवकर."

"हळू बोल. ती झोपलीय त्यात."

"कशात?"

बायकोने केबिनकडे बोट दाखवलं. नवऱ्याने वाकून पाहिलं आणि तसाच वाकलेला राहिला.

"अगं, ते वादळासाठी असतं."

"म्हणूनच. वादळ आत्ता कुठे शांत झालंय."

"म्हणजे आणखी एक वर्ष व्याख्यान ऐकू?"

दोघंही हट्टाला पेटली. होडी मागे मागे जाऊ लागली. शेवटी सासूबाईंनी डबा बाजूला ठेवला. "मोठं शीड रिकामंच पडलंय ना? पोरीला त्यात घाला नि धाकटं घ्या. एवढी पुस्तकं वाचलीस, त्यात हे नव्हतं?"

"मान धर. मान," बायको दर पावलाला बजावत होती. लेक या शिडातून त्या शिडात गेली, कूस बदलली आणि घोरू लागली. धाकटं वर चढलं. होडी अंगात आल्यासारखी सुटली. पुढे साडू आपल्या बायकोला वाऱ्याचं गणित समजावण्यात रंगले होते. धक्क्याकडे वळायची जागा मागे राहिली, हे त्यांना उशिरा कळलं.

साडू धक्क्यावर मागाहून पोचले. उतरल्यापासून ते यांच्या धाकट्या शिडाकडे टक लावून बघत होते. बरोबर मधोमध ताटाएवढा ओला डाग होता.

"हे काय केलंयत?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने आकाशाकडे.

"ओल्या कापडातून वारा निसटत नाही," नवरा गंभीरपणे म्हणाला.

"पण फक्त मध्येच?"

"मध्येच. आणि पाणी कोमट लागतं."

पुढच्या रविवारी साडू आपलं धाकटं शीड धक्क्यावर पसरून बसले होते. शेजारी थर्मास.

"आमचं लगेच वाळतं हो," ते कुरकुरले. "तुमचं कसं टिकतं?"

सासूबाईंनी नात कडेवर सावरली.

"आमच्याकडे सोय घरचीच आहे."