अप्पांचं खाकरणं

आमच्या शेजारचे गुरुलिंगअप्पा स्वतःच्याच घरात कधी गपचूप शिरत नाहीत. फाटकापाशी एकदा, अंगणात एकदा आणि उंबऱ्यावर सगळ्यात मोठ्यानं, असे तीनदा खाकरतात. तिसऱ्या खेपेला आमचं मांजर ओट्यावरून उडी मारतं.

छाती म्हणाल तर ठणठणीत. ही आपली रीत. सासऱ्यानं खाकरून आत यायचं, म्हणजे सुना पदर सावरून उठतात. अप्पांचं लग्न झालं तेव्हा घरात चौदा माणसं होती आणि खाकरायचा मान वडिलांचा. "म्या अन् ही चुलीम्होरं जरा बोलाय लागलो की वडील खाकरायचे," अप्पा सांगतात. "लगीन हून वरीस झालं तरी आमचं एक वाक्य पुरं झालं न्हवतं!"

वडील गेले, भाऊ वेगळे झाले आणि खाकरणं थोरले म्हणून अप्पांकडे आलं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, वैतागायच्या, "घरात मी एकटी हाय. कुणासाठी घसा खरवडताय?" अप्पा म्हणायचे, "सून आल्यावर ऐनवेळी जमाय नगं का?" सून आली, पण आमच्या मुरुम गावी नाही, थेट पुण्याच्या फ्लॅटमध्ये.

काकू गेल्या आणि मुलानं अप्पांना कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं. निघताना अप्पांनी माझा हात धरला. "तिथं आपलं जमंल का वो, गुरुजी?" मी "न जमायला काय झालं" म्हणालो खरा, पण माझाच विश्वास नव्हता.

सून स्नेहल हॉलमध्ये लॅपटॉप मांडून ऑफिसचं काम करते. पाणी प्यायला हॉलमधून जायचं, म्हणजे अप्पा आधी खाकरणारच. दुसऱ्या दिवशी मीटिंगमधल्या साहेबांनी विचारलं, घरी कोण आजारी आहे? तिसऱ्या दिवशी तिनं अप्पांना दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, काहीच दिसत नाही. ती आणखीच घाबरली आणि औषधाची मोठी बाटली घेऊन आली.

हे सगळं अप्पांनी मला परवा सांगितलं. पेरणीसाठी दोन दिवस गावी आले होते. मला हसू आवरेना. "अहो अप्पा, ही रीत आहे म्हणून सांगायचं की तिला! उगीच औषध कशाला पिताय?"

अप्पांनी उपरण्यानं चष्मा पुसला.

"सांगणार हुतो. पर तीन टायमाला ती काम टाकून उठती वो. चमचा भरून तोंडाम्होरं धरती. 'अप्पा, आ करा' म्हणती. हिच्या माघारी मला असं म्हणणारं कुणी न्हवतं, गुरुजी."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. स्नेहलच होती. "अप्पा, दुपारचं औषध घेतलं का?"

"व्हय माय, घेतोच आता." अप्पांनी पिशवीतून बाटली काढली आणि माझ्याकडे चमचा मागितला.

मी चमचा आणायला आत गेलो. डोळे पुसून मगच बाहेर आलो.