शेवटच्या नावाखाली

श्रीहरी दुपारच्या झोपेतून जागे झाले, तेव्हा फोनच्या पडद्यावर एक फुली उमटली होती आणि काडी हरवली होती.

फोन वीस वर्षांपूर्वीचा, टचस्क्रीनच्या अगदी पहिल्या पिढीतला. त्याला बोट कळत नसे, टोकदार काडीनेच दाबावं लागे. मराठीही येत नसे; पण काडीने लिहिलेलं अक्षर तो टिपणवहीत चित्रासारखं जपून ठेवी. निवृत्त ग्रंथपाल श्रीहरींना तेवढं पुरे होतं. कागदावरची खाडाखोड त्यांना लाजवायची. इथे पुसलेलं कुठे जातं, ते कुणालाच दिसत नसे.

फुलीवर टेकवा, असं फोन म्हणत होता. स्पर्श नेमका कुठे होतो, ते त्याला नव्याने शिकायचं होतं. श्रीहरींनी बायकोची, स्मिताबाईंची, विणायची सुई घेतली. खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगत होता, डोळ्यांत झोप तरंगत होती. चार कोपऱ्यांत चार फुल्या आल्या, आणि चारही वेळा सुई जराशी खालीच टेकली. फोनने ते खरं मानलं.

रविवारी हिंदी मुलखातल्या राजेंद्र नगरच्या मराठी मंडळात त्यांना आपला लेख वाचायचा होता. चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदाच. होकार अर्थातच स्मिताबाईंनी दिला होता. नकार कसा द्यावा, या विचाराने श्रीहरींनी टिपणवहीत लेखाच्या लगेच खालच्या नोंदीत सबबींची यादी केली होती. शेवटी त्यांनी रोमन लिपीत निरोप लिहिला, 'माफ करा, रविवारी जमणार नाही,' आणि मंडळाच्या सेक्रेटरी यामिनीचं नाव दाबलं.

पाच मिनिटांत मानपूरहून व्याही शामराव फोनवर.

"श्रीहरीजी, रविवारी आम्ही तुम्हाला बोलावलंच कुठे होतं?"

"नाही... म्हणजे..."

"तब्येत गडबड दिसते तुमची. चिंता नका करू, रविवारी आम्हीच येतो. सगळे!"

श्रीहरींनी फोनमधली नावांची यादी पाहिली. शेवटून दुसरं 'व्याही', शेवटचं 'यामिनी'. हळूहळू त्यांना उमगलं, की फोन आता हव्या त्या ओळीच्या वरची ओळ धरतो. ठीक आहे, मग एक ओळ खाली दाबावं. दोन दिवसांत हात सरावला. पण यामिनीच्या खाली ओळच नव्हती. तिथे काच संपून प्लास्टिकची कड लागत होती. साऱ्या जगाशी बोलता येत होतं, एक तिच्याशी सोडून.

स्मिताबाईंचा फोन मागितला असता, तर बेत उघडा पडला असता. म्हणून ते स्वतःच यामिनीच्या घरी गेले.

"अरे काका! या ना. माइक उंच ठेवू की नीचे?"

"खाली," श्रीहरी म्हणाले आणि परत आले.

रविवारी मंडळात पहिली रांग व्याह्यांनीच भरली. श्रीहरींचं नाव पुकारलं गेलं, तशी स्मिताबाईंनी पर्समधून काडी काढली.

"घ्या. माझ्या बेकिंगच्या डब्यात होती."

"तिथे कशी?"

"केक शिजला का, ते टोचून बघते मी. किती वर्षांपासून! अहो, आता जा ना, लोक ताटकळलेत."

श्रीहरी माइकपाशी गेले. वर बघायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. लेखाच्या एक ओळ खाली त्यांनी सरावाने काडी टेकवली आणि वाचू लागले.

"एक. घसा बसला आहे."

पहिल्या रांगेतल्या माना एकमेकांकडे वळल्या.

"दोन. स्मिताच्या गुडघेदुखीने उचल खाल्ली आहे. तीन. मानपूरला व्याह्यांकडे जायलाच हवं, ते फार आग्रह करतात."

"झूठ!" शामराव ओरडले, आणि हसू फुटलं. श्रीहरींना ते दुरून, पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. थांबावं तर वर बघावं लागलं असतं. ते वाचतच राहिले.

"सतरा. खरं कारण. लोकांना आवडलं नाही, तर घरी काय तोंड दाखवू? आणि आवडलं, तर पुढच्या वेळी काय वाचू?"

टाळ्या थांबेनात. नात अबोली धावत आली. "आजोबा, क्या बात! आणि सकाळी मी तुमचा फोन ठीक करून दिला, समजलं ना? आता जिथे टच कराल तिथेच लागेल."

"आत्ता समजलं," श्रीहरी म्हणाले.

घरी पोचेपर्यंत यामिनीचा निरोप आला होता. पुढच्या महिन्यात पुन्हा वाचाल ना?

श्रीहरी अंगणातल्या खुर्चीत बसले. 'जमणार नाही' लिहून झालं. यादीच्या तळाशी यामिनीचं नाव होतं, आणि ते आता नीट दाबलं जाणार होतं. त्यांनी काडी उचलली, जरा घुटमळले, आणि सवयीप्रमाणे एक ओळ खाली, प्लास्टिकच्या कडेवर टेकवली.

काहीच झालं नाही. काडीला केकचा मंद वास येत होता.

"पाठवलंत का उत्तर?" आतून स्मिताबाईंनी विचारलं.

"प्रयत्न करतोय," श्रीहरी म्हणाले, आणि पुन्हा एकदा त्याच कडेवर हलकेच काडी टेकवली.