पाशामियाँना मानवलेली गोळी

आपल्या शरीरात काय बिघडलं आहे हे आपल्याआधी शेजाऱ्यांना कळणं, ही प्रगत समाजाची खूण मानली पाहिजे. या निकषावर लातूर पुष्कळ पुढे आहे.

पाशामियाँ तिथल्या क्लासच्या गल्लीतले शिंपी. भूकंपाच्या वर्षी त्यांनी मशीन मांडलं तेव्हा गल्लीत दोन क्लास होते. आता सत्तावीस आहेत आणि शिंपी एकच. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांचे पांढरे कोट ते शिवतात. (परीक्षेआधीच कोट शिवला की मुलाचं मन अभ्यासात लागतं, असा पालकांचा अनुभव. मापात दोन-तीन वर्षांची वाढ धरावी, असा पाशामियाँचा.)

दिवाळीत त्यांना स्टेंट बसला आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोजची एक गोळी सुरू झाली. तरी जिना चढताना छाती आवळायचीच.

"बाई, गोळी टायमाला घेऊन राहिलो, पण जिन्यात कुणीतरी छातीवर पाय देतंय," त्यांनी हृदयरोगाच्या डॉक्टर तनुजाबाईंना सांगितलं.

"चाचा, गोळी आम्ही सगळ्यांना एकच देतो, पण शरीर सगळ्यांचं एक नसतं. काहींच्या जनुकांमुळं ही गोळी कामच करत नाही. तुमची लाळ तपासू."

"थुंकीतून एवढं कळतंय? मग आमच्या गल्लीच्या भिंती वाचून घ्या की!"

पंधरा दिवसांनी बेचाळीस पानांचा रिपोर्ट मोबाइलवर आला. तो वरच्या मजल्यावर जीवशास्त्र शिकवणाऱ्या भुजंग सरांना दाखवण्यात आला. सरांनी पहिलं पान वाचलं आणि ते उठून उभे राहिले. मधुमेहाचा धोका : शहाण्णव पर्सेंटाइल.

"पाशाभाई, शहाण्णव! अन् ते बी बिगर क्लासचं!"

पर्सेंटाइल नव्वदच्या वर गेल्यावर काय करायचं, याची लातुरात ठरलेली कार्यपद्धती आहे. तिच्यानुसार फलक लागला, फेटा बांधला गेला, पेढे वाटले गेले. सत्कारमूर्तींनी स्वतः चार खाल्ले. रक्तदाबात अठ्ठ्याऐंशी पडले होते, ते सरांनी पुनर्मूल्यांकनाला टाकण्यासारखे ठरवले. टकलात मात्र नव्व्याण्णव होते. (हा विषय पाशामियाँनी चाळिशीतच पूर्ण केला होता.)

पाशामियाँनाही बरं वाटत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे कोट शिवले, आता फलकावर आपला फोटो. तिसऱ्या पायरीवर बसावं लागायचं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रजियाबींना ते दिसत होतं.

"शहाण्णव मिळाले तर धाप का लागून राहिली?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

महिनाभरात त्या गल्लीत विचारला गेलेला हा एकमेव शास्त्रीय प्रश्न होता. उत्तर शोधायला त्या नवऱ्याला आणि रिपोर्टला घेऊन दवाखान्यात गेल्या.

"रिपोर्ट कधी आला?" तनुजाबाईंनी विचारलं.

"महिना झाला."

"मग इतके दिवस काय केलं?"

"सत्कार," पाशामियाँ म्हणाले.

बाईंनी थेट पान एकतीस काढलं. "चाचा, तुमची गोळी अंगात नुसती येऊन जाते. स्टेंट आणखी महिनाभर नशिबावर चालला. आणि ते शहाण्णव म्हणजे शंभरातल्या शहाण्णव जणांपेक्षा तुम्हाला साखरेचा धोका जास्त."

पाशामियाँनी रजियाबींकडे पाहिलं. त्यांनी नवऱ्याची बाही घट्ट धरून ठेवली.

गोळी बदलली. तीन आठवड्यांनी पाशामियाँ न थांबता जिना चढले आणि वर पोहोचल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून, डोळे पुसून घेतले.

पण पाहिलं होतं सगळ्यांनी. पुढच्याच आठवड्यात गोळीच्या नावाची चौकशी करणारे एकूण एक्केचाळीस जण येऊन गेले. पैकी हृदयरोगी तीन, गुडघेदुखीवाले सतरा, तिसऱ्यांदा परीक्षेला बसणारे नऊ, आणि उरलेले बारा पुढं काही निघालंच तर जवळ असावी म्हणून. तनुजाबाईंनी गल्लीत येऊन समजावलं की ही गोळी चाचांच्या जनुकांना मानवली, प्रत्येकाची जनुकं वेगळी. सगळ्यांना हे तंतोतंत पटलं. भुजंग सरांनी तर त्यावर टाळ्या वाजवल्या आणि कुठून तरी त्याच गोळ्यांची एक पट्टी पैदा करून संध्याकाळपासून सुरू केली. चौथ्या दिवशी आनुवंशिकता शिकवताना त्यांच्या नाकातून रक्त आलं. (विद्यार्थ्यांनी ते प्रात्यक्षिक समजून वहीत उतरवून घेतलं.)

रक्त थांबल्यावर सर खाली आले. "पाशाभाई, ती कमी ताकदीची मिळंल का?"

"सर, माझ्या मापाची विजार तुम्ही घालता का?"

"सैल असली तर घालतो की."

त्या दिवसापासून पाशामियाँ गोळ्या नाव छापलेल्या पट्टीतून काढून गुंड्यांच्या डबीत ठेवू लागले. गल्ली नाराज झाली. एवढा सत्कार करूनही माणूस आपलं ते आपल्यापुरतंच ठेवतो, असं बोललं गेलं.

या वृत्तांतातही गोळीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. कच्चा मसुदा सात सुशिक्षित वाचकांना दाखवला होता. गल्लीच्या अडाणीपणाला सातही जण पोट धरून हसले, आणि जाताना चपला घालता घालता प्रत्येकानं हळूच नाव तेवढं विचारलं. वाचकहो, तुम्ही निदान चपला तरी अजून घातलेल्या नाहीत.