ठवकरकाकांचं नागपूर

ठवकरकाका आमच्या बिल्डिंगमधून बाहेर पडले की मोकळ्या रस्त्याच्या मधोमध एक गोल वळसा घालतात. तिथं खड्डा नसतो, गाय बसलेली नसते, काहीच नसतं. मागून येणारा स्कूटरवाला करकचून ब्रेक लावतो.

"ओ काका, काहून फेऱ्या मारून राहिले गा?"

"खाली विहीर आहे," काका शांतपणे सांगतात. "तिच्या डोक्यावरून चप्पल घालून जाऊ का?"

ती विहीर कोणी पाहिलेली नाही. आमच्या या महाल भागात पिढ्यानपिढ्या राहिलेल्यांनीही नाही. पण काकांना ती दिसते. रहाटासकट दिसते.

काका आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. सकाळी चहा झाला की पायी निघतात. कधी इतवारी, कधी हंसापुरी, कधी नुसतंच शुक्रवारी तलावाच्या काठाकाठानं. समोरच्या ठेल्यावरची कोथिंबीर आणायलाही तीन गल्ल्या फिरून जातात आणि प्रत्येक गल्लीचा इतिहास सांगतात. तो इतिहास त्यांनी स्वतःच तयार केलेला असतो. पानठेल्यापाशी रस्ता वाकडा का? तर भोसल्यांचा एक हत्ती तिथं रुसून बसला, उठेचना, शेवटी त्याच्या कडेनं भिंत बांधली. अमुक माडी रस्त्यावर का झुकलीय? समोरच्या घरातलं भांडण नीट ऐकू यावं म्हणून.

मी एकदा विचारलं, "काका, हे कुठं लिहिलंय?"

"लिहिणारा त्या दिवशी गावाले गेला असंन," काका म्हणाले.

बाबा गेल्यावर मी आईला खापा गावाहून इथं आणलं, तेव्हा मला या माणसाचा काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आई खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायची. टीव्ही लावला तर बंद कर म्हणायची. देवळात चल म्हटलं की एकच उत्तर, "मले कोण ओळखते इथं?" मी ऑफिसातून यायची, तर दुपारची पोळी तशीच झाकलेली.

एकदा काका मी दिलेला डबा परत द्यायला वर आले आणि तेच वाक्य त्यांच्या कानावर पडलं.

"ताई, माणसाची ओळख मंग होते," ते म्हणाले. "आधी रस्त्याची करा. चाला."

"माहे पाय दुखतात, भाऊ."

"बसून बसून दुखून राहिले ते."

त्या दिवशी आई कोपऱ्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी पानठेल्यापर्यंत. रात्री जेवताना ती आपणहून बोलली, "तो हत्ती त्या गल्लीत वळलाच कसा असंन वं? रेडा असंन." मी घास तसाच धरून तिच्याकडे बघत राहिले. सकाळी तिनं काकांना ते ऐकवलं. काकांनी जरा विचार केला आणि मोठ्या मनानं हत्तीचा रेडा केला.

मग रोजच सुरू झालं. एखाद्या बंद दाराशी दोघं उभी राहायची आणि आत कोण राहत असेल यावर वाद घालायची. भाजीवाल्या बायका आईला हाक मारू लागल्या. तिची पोळी झाकलेली राहीना.

थंडीतल्या एका रविवारी मीही त्यांच्यासोबत गेले. काका रंगात होते. भिंत दिसली की तिच्यात दरवाजा, दरवाजा दिसला की त्यातून निघणारी वरात! चालता चालता एक अरुंद गल्ली आली आणि ते गप्प झाले. पाऊल उचलून पुढं निघाले.

आई थांबली. "ही गल्ली तुम्ही नेहमी काहून सोडता, भाऊ?"

"तिथं काही नाही."

रिकाम्या रस्त्यात विहीर पाहणारा माणूस हे म्हणत होता. आईनं माझ्याकडे पाहिलं. ती तिथून हलली नाही.

काकांनी चष्मा काढून पुसला.

"शेवटच्या घरात राहत होतो आम्ही. मी अन् मंदा. दुपारी तिले दम लागला. शेजारच्यानं ऑटो आणला, पण ऑटो आत येईना. मंग मी तिले उचललं अन् निघालो. तिचा हात माह्या गळ्यात होता, ताई. अर्ध्या वाटेत सुटला. मले समजलं. पण मी चालतच राहिलो. मी चालत होतो, अन् गल्ली काही संपेना."

तेव्हापासून त्यांनी इथं पाय ठेवला नव्हता. बाकी सगळं नागपूर त्यांनी पायाखाली घातलं होतं.

एक सायकलवाला घंटी वाजवत आमच्यामधून गेला. आईनं पदर खोचला.

"मी पुढं होते," ती म्हणाली. "तुम्ही माह्या मागून या."

आणि ती खरंच आत शिरली. पाय दुखतात म्हणणारी माझी आई, एका हातानं भिंतीचा आधार घेत, हळूहळू. काका रस्त्यावरच उभे होते. ती बरीच आत गेली, मग वळली आणि नुसती थांबली. तेव्हा ते निघाले, मान खाली घालून.

शेवटच्या घरासमोर कोणाचे तरी कपडे वाळत होते. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. काकांनी बंद दाराकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं. मग ते मागं वळले. तिथून मोठा रस्ता स्वच्छ दिसत होता. गाड्या जात होत्या, संत्रीवाल्याची हातगाडी उभी होती. तो भाव ओरडत होता, तेसुद्धा इथवर ऐकू येत होतं.

काका कितीतरी वेळ तिकडे पाहत राहिले.

"एवढीशीच होती?" त्यांनी विचारलं.

"हाव भाऊ," आई म्हणाली, "एवढीशीच आहे."