माश्यांसाठी वाटीभर गूळ

आमचे शेजारी तात्या माश्यांना गूळ खाऊ घालायचे. स्वतः कोरडी भाकरी मिरचीशी खातील, पण सकाळी माझ्या दारात वाटी घेऊन उभे. "मास्तरीणबाई, वाईच गूळ द्या. माशी यायची येळ झाली."

मी भोरची. लग्न करून मार्गासनीला आले, शाळामास्तरांची बायको म्हणून. आमच्याकडे माश्या पदरानं हाकलतात. इथे हा म्हातारा गुळाच्या पाण्यात केळं कुस्करतो, चांगलं आंबवतो आणि मडक्यांत घालून आपल्या एकुलत्या आंब्याच्या झाडाला टांगतो! वास असा की आमचे हे खिडकी लावूनच जेवायला बसायचे.

रोज उजाडलं की तात्या काडीनं मडकी ढवळायचे. "ही घरातली. ही गोठ्यातली. आंब्याची न्हाई." आणि खूश.

"मग मारायची कुठली?" मी विचारलं.

"मारायची न्हाई. आली का बगायचं."

"आणि आली तर?"

"तर आली म्हनायचं."

माझं डोकं फिरायची वेळ आली.

एका सकाळी तात्यांनी हाका मारून मला बोलावलं. मडक्यात पिवळसर, बारीक कमरेची एक माशी मरून पडली होती. म्हटलं, "चला, मेली एकदाची!"

"मेली न्हाई वो, आली!" तात्यांनी कपाळाला हात लावला. आणि संध्याकाळच्या आत झाडावरचे सगळे आंबे हिरवेच उतरवले. गाव हसलं. मीही हसले.

पेंढ्यात आढी लावता लावता तात्या बोलले. गेल्या साली त्यांनी सारोळ्याला लेकीच्या सासरी पाटीभर आंबे नेले होते. विहीणबाईंनी पाहुण्यांपुढे आंबा चिरला, तर आतून अळ्या टुणटुण उड्या मारत ताटात! तेव्हापासून रखमाला माहेरी धाडलं नव्हतं.

"ही माशी पाडाच्या आंब्याला डसती, आत अंडी घालती. पयली दिसली की लगी उतरायचं, मग आत अळी व्हत न्हाई. पर ती कदी येती, ते कळाय नगं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर मी ह्या माणसाची टिंगल करत होते.

आंबे पिकल्यावर पाटी डोक्यावर घेऊन तात्या सारोळ्याला चालत गेले, चालतच परत आले. काय म्हणाल्या विहीणबाई, असं विचारलं तर एकच उत्तर. "पंचीम कदी हाय?"

नागपंचमीला सकाळी पुन्हा वाटी घेऊन दारात! मी वैतागले. "अहो तात्या, झाडाला एक आंबा नाही. आता कुठल्या माशीला गूळ?"

"माशीला न्हाई." तात्यांनी वाटी पुढे केली. "रखमा आलीया. पुरणाची दिंडं करती म्हनतीया."

मी वाटी बाजूला सारली आणि घरात होती ती अख्खी ढेप त्यांच्या हातात दिली. ती पोटाशी धरून तात्या उंबऱ्यावरच बसले.

"इहीणबाईंनी समदे चिरून बगितले म्हनं," धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले. "समदे, मास्तरीणबाई. येकात बी अळी न्हाई."